वारंवार लागणारी उन्हाळी: पाणी, मलम, गोळी की रोजचे प्रतिजैविक?

नाशिकमध्ये लघवीच्या जळजळीला ‘उन्हाळी लागली’ म्हणणाऱ्या घरांत धने-जिऱ्याच्या पाण्यावर किंवा सब्जावर एक-दोन दिवस काढले जातात आणि कधी कधी तेवढ्यावर निभावतेही. मात्र सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, तर पुढचा संसर्ग टाळायचा कसा, हा वेगळा प्रश्न उभा राहतो. त्यावरचे उपाय कमी-जास्त ताकदीचे नसून वेगवेगळ्या कारणांवरचे आहेत, त्यामुळे मैत्रिणीला लागू पडलेला उपाय आपल्यालाही लागू पडेल असे धरून चालत नाही.

निवडीपूर्वी निदान पक्के हवे. बुरशीचा संसर्ग, मुतखडा, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा यांनीही जळजळ होते. म्हणून प्रतिजैविकाचा पहिला डोस घेण्याआधी लघवीचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करावे, ज्याचा अहवाल साधारणपणे दोन-तीन दिवसांत मिळतो. मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तीच गोळी आणण्याची सवय येथे सर्वाधिक नडते. उलटपक्षी, काहीही त्रास नसताना अहवालात जंतू दिसले, तर गर्भवती महिला वगळता बहुतेकींना औषधाची गरज नसते.

औषधाविना करता येण्याजोग्या उपायांत पाण्याला सर्वांत भक्कम आधार आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रवपदार्थ घेणाऱ्या, पाळी अजून गेलेली नसलेल्या १४० महिलांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जादा पाणी प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, तर उरलेल्यांना ३.२ वेळा. हा लाभ मुळात कमी पिणाऱ्यांचा आहे, हे विसरू नये. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत विरळणीला जाणारी बाई तहान नसते म्हणून नव्हे, तर आडोसा नसतो म्हणून पाणी टाळते, आणि निफाडच्या कडाक्याच्या थंडीत तर तहानही लागत नाही. तिला पाण्याची बाटली देण्याआधी बागेत शौचालय द्यावे लागेल. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पाणी किती वाढवायचे ते डॉक्टरांनीच ठरवावे.

क्रॅनबेरी (एक आंबट लाल फळ) आणि डी-मॅनोज (साखरेचा एक प्रकार) या दोन्ही गोष्टी ‘नैसर्गिक’ म्हणून शेजारी शेजारी विकल्या जातात, पण त्यांचा पुरावा सारखा नाही. ५० चाचण्यांच्या २०२३ च्या एकत्रित आढाव्यात, वारंवार संसर्ग होणाऱ्या महिलांमध्ये क्रॅनबेरीने धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्याचे दिसले. डी-मॅनोज मात्र ब्रिटनमधील ५९८ महिलांच्या २०२४ च्या चाचणीत निरुपयोगी ठरले. खर्च करायचाच असेल, तर तो क्रॅनबेरीच्या गोळीवर करावा, साखर घातलेल्या सरबतावर नको. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

पाळी गेलेल्या महिलांसाठी योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम माझ्या मते पहिला पर्याय असायला हवे, आणि संकोचामुळे नेमके तेच मागे पडते. इस्ट्रोजेन घटल्यावर योनीतील लॅक्टोबॅसिलाय हे उपयुक्त जंतू कमी होतात आणि आतड्यातील ई. कोलाय जंतूंना तेथे ठाण मांडता येते. मलमाने ही स्थिती पुष्कळशी पूर्ववत होते. १९९३ च्या एका चाचणीत मलम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५, तर औषधविरहित बनावट मलम लावणाऱ्यांना ५.९ वेळा संसर्ग झाला. पहिले दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा अशी साधारण पद्धत असते. परिणाम दिसायला काही आठवडे लागत असल्याने महिन्याभरात सोडून देऊ नये. तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी हे काम होत नाही. स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी कर्करोगतज्ज्ञांचा सल्ला घेतल्यावाचून ते लावू नये.

एवढे करूनही थांबत नसेल, तर निवड मेथेनामाइन (प्रतिजैविक नसलेली जंतुरोधक गोळी) आणि रोजचे अल्प मात्रेतील प्रतिजैविक यांत उरते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४० महिलांच्या ब्रिटिश चाचणीत वर्षाला संसर्गाचे प्रमाण मेथेनामाइनवर १.३८ आणि प्रतिजैविकावर ०.८९ होते, म्हणजे प्रतिजैविक किंचित सरस, परंतु जंतू औषधाला दाद देईनासे होण्याची, म्हणजे प्रतिरोधाची, किंमत विचारात घेता फरक लहान. मेथेनामाइन आम्लधर्मी लघवीत फॉर्मल्डिहाइड सोडून जंतूंना रोखते, त्यामुळे आपल्याकडे जळजळीसाठी सर्रास दिले जाणारे, लघवीतील आम्ल कमी करणारे सिरप सोबत घेतले तर गोळी वाया जाते. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा गंभीर विकार असणाऱ्यांसाठी ती नाही. प्रतिजैविक निवडलेच, तर मुदत आधी ठरवून घ्यावी: नायट्रोफ्युरँटॉइन हे यासाठी वापरले जाणारे प्रतिजैविक दीर्घकाळ घेतल्यास क्वचित फुफ्फुस व यकृताला इजा होते, आणि कोणतेही प्रतिजैविक थांबवले की त्याचे संरक्षणही ओसरते. संसर्ग प्रत्येक वेळी शरीरसंबंधानंतरच होत असेल, तर रोजच्या गोळीऐवजी संबंधानंतरचा एक डोस पुरतो आणि औषधही पुष्कळ कमी पोटात जाते. त्यासाठी हे डॉक्टरांना स्पष्टपणे सांगणे भाग आहे. शुक्रजंतुनाशक लावलेले निरोध वापरत असल्यास तेही बदलून पाहावेत.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणे, उलट्या, किंवा गर्भारपणात जळजळ यांपैकी काहीही झाले, तर यातील कोणत्याही पर्यायाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.