द्राक्षाची बी की आंब्याची कोय? बेन्झोएटला पर्याय शोधताना

नाशिकच्या सातपूर-अंबडकडची मॅरिनेट चिकन, पनीर, चटण्या पॅक करणारी छोटी युनिटं हल्ली बेन्झोएट (माल टिकवायला घालतात ते रसायन) काढून ‘नैसर्गिक’ काही घालता येईल का, हे विचारतात. बियांच्या अर्कांत तीन नावं पुढे येतात.

ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क आधीच बाद करा. 1999 साली जर्मनीत बाजारातले सहा अर्क तपासले, तेव्हा जंतू मारणाऱ्या पाचही नमुन्यांत बेन्झेथोनियम क्लोराईड हे कृत्रिम जंतुनाशक निघालं. सहाव्यात ते नव्हतं, आणि त्यानं जंतूही मारले नाहीत.

द्राक्षबिया आपल्या दारातल्या. पण निफाडच्या थॉमसन-सोनाका या बिनबियांच्या जातींत बी कुठली? ती मिळते वायनरीच्या चोथ्यात. चोथा उचलणार असाल तर व्हाइट वाइनचा मागा. शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाचा रस आंबवण्याआधीच पिळून घेतात, म्हणून टॅनिन, म्हणजे जंतूंना रोखणारा तुरट घटक, बीतच राहतं. रेड वाइनचं शिराझ बियांसकट आंबवतात, तिथलं बरंचसं वाइनमध्ये उतरतं. चोथा लगेच वाळवा, नाहीतर बुरशी धरलीच म्हणून समजा.

हे टॅनिन लिस्टेरिया, स्टॅफिलोकोकस या जंतूंवर चांगलं चालतं. ई. कोलाय, साल्मोनेलाला बाहेरून एक जादा आवरण असतं, तिथे जोर कमी पडतो. शिवाय ते प्रथिनांना चिकटतं. पनीरमध्ये घातलंत तर बरंचसं तिथेच अडकून वाया जाणार, वर तपकिरी छटा आणि तुरटपणा फुकट. चिकनमध्येही जंतूंवरचा परिणाम प्रयोगशाळेइतका दिसत नाही, पण चरबी खवट होणं लांबतं आणि तंदुरी मसाल्यात रंग खपून जातो. मी चिकनसाठी द्राक्षबियांचा अर्कच घेईन.

आंब्याच्या कोयीतल्या टॅनिनचं काम साधारण असंच. मात्र कोय फोडायची, गर काळा पडायच्या आत वाळवायचा, त्यातलं तेल काढायचं, एवढा खटाटोप आहे. स्वतःचं आमरसाचं युनिट असेल तरच परवडेल.

टोमॅटो चटणीत यातलं काहीच नको. तिथे आंबटपणा, मीठ, व्हिनेगर पुरेसं काम करतात.

आता लेबल. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमांत प्रिझर्व्हेटिव्हच्या पहिल्या वर्गात मीठ, साखर, व्हिनेगर, मसाले येतात. दुसऱ्यात बेन्झोएट, सॉर्बेट वगैरे. पाकिटं छापायला टाकण्याआधी अर्क यांपैकी कशात बसतो आणि त्याचा उल्लेख कसा करायचा, ते फूड कन्सल्टंटकडून लेखी घ्या. आणि अर्क घातला म्हणून चिकनची मुदत परस्पर वाढवू नका. आधी तुमच्याच मालाची लॅबमध्ये तपासणी करून घ्या, फ्रीज 4 अंशांच्या वर जाऊ न देता.