चरबीचा टक्का सांगणारा वजनकाटा : आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरात लातुरातून 1,450 रुपयांना घेतला. वजन बरोबर दाखवतो, त्याबद्दल तक्रार नाही. साध्या काट्यापेक्षा 700 रुपये जास्त दिले ते चरबीच्या टक्क्यासाठी, म्हणून हिशोब त्याचाच मांडते.

दोनच वेळा जेवायचं, मधे चहासुद्धा नाही, असं ठरवलं होतं. पंधरा दिवसांत अडीच किलो उतरले, टक्का मात्र 33 वरच. मी काट्याला बोल लावला, आणि तिथे माझंच चुकलं. किलोभर चरबी जायला सुमारे 7,700 कॅलरींची तूट लागते. पंधरा दिवसांत अडीच किलोंची तूट होणार कुठून? आधी संपतो तो यकृतातला, स्नायूंतला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आणि त्याच्या एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी असतं. उतरलं ते बरंचसं पाणीच.

खरा संताप मे महिन्यात. लग्नाहून आले, दिवसभर जुलाब झाले, सकाळी टक्का 31 चा 34! दुकानदार म्हणाला, "ताई, सेल बदला." 80 रुपये गेले, आकडा तोच. मग नर्सिंगला असलेली भाची म्हणाली, "मावशी, हा चरबी मोजतच नाही. तळव्यांतून बारीक करंट सोडतो. पाण्यातून तो सहज जातो, चरबीत अडतो. अंगातलं पाणी आटलं की काट्याला चरबीच वाढलेली दिसते." कोरड्या, भेगाळलेल्या टाचांनीही आकडा चढतो म्हणे. यातलं एक अक्षर पेटीवर नाही.

चरबीच्या पेशी म्हणजे आपल्याकडची पेवं, हे मला तेव्हा समजलं. जेवलं की इन्सुलिन वाढतं, पेव भरतं आणि तोंड बंद. इन्सुलिन उतरलं की लायपेज नावाची एन्झाइम्स चरबी फोडतात : तीन फॅटी ॲसिड आणि एक ग्लिसरॉल. फॅटी ॲसिड रक्तातून स्नायूंना, हृदयाला जळण म्हणून जातात. ग्लिसरॉलपासून यकृत साखर करतं. पेव रिकामं झालं तरी बुजत नाही. पेशी आकसतात, पण जागेवर राहतात. म्हणून चहा बंद केला तो अजून बंदच आहे.

आता दर रविवारी सकाळी सहाला, पाय धुऊन पुसून उभी राहते आणि चार रविवारांची सरासरी कॅलेंडरवर लिहिते. आज 30.5. ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले. नुसतं वजन बघायचं असेल तर 700 रुपये वाचवा. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. दीड कापला तो पेटीवर न छापलेल्या पाण्याच्या त्या एका ओळीसाठी.