गंगापूर रोडवरील गणितवर्ग: रविवारची बॅच उत्तम, द्रुतगती बॅच टाळावी

मुलगी सहावीत आहे आणि तिला आकड्यांचे विलक्षण वेड आहे, म्हणून यंदा आम्ही तिला नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका खासगी गणितवर्गात घातले. तेथे दोन स्वतंत्र बॅच चालतात: शाळेच्या अभ्यासक्रमात दोन इयत्ता पुढे नेणारी द्रुतगती बॅच आणि रविवारी सकाळची कोड्यांची बॅच. दोन्हींचा अनुभव घेतल्यावर मी ठामपणे सांगेन की, फी सत्कारणी लागते ती रविवारच्या बॅचमध्येच.

एका रविवारी सरांनी देवळालीच्या शाळेत शिक्षक होऊन गेलेले गणितज्ञ द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या मुलांपुढे ठेवली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करत राहायचे; शेवटी ६१७४ च येते. मुलीने ३५२४ घेतली. ३०८७, ८३५२ आणि लगेच ६१७४ आली. सरांनी शाबासकी दिली आणि विचारले, “दोन अंकी संख्यांचे काय होते?” तिथे मात्र एका संख्येवर थांबणे नाही: ८१, ६३, २७, ४५, ९ (म्हणजे ०९) आणि पुन्हा ८१. हे चक्र तिने स्वतः शोधले आणि दर वेळी नवाच्या पाढ्यातलीच संख्या का येते, यावर उरलेला सगळा तास घालवला. सरांनी तो तिला घालवू दिला, हे मला फार मोलाचे वाटते.

द्रुतगती बॅचमध्ये याच्या अगदी उलट कारभार आहे. अपूर्णांकाने भागताना तो उलटा करून का गुणायचे, हे कुणी सांगत नाही. दर आठवड्याचे क्रमांक मात्र पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न चुकता येतात. माहितीपत्रकावर प्रसिद्ध गणितज्ञ टेरेन्स ताओ यांचे नाव आहे. १९८८ मध्ये, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, त्यांनी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचे सुवर्णपदक मिळवले, हे खरेच. पण शाळेत ते निरनिराळ्या विषयांसाठी निरनिराळ्या इयत्तांत बसत, म्हणजे त्यांचा वेग त्यांच्या समजेप्रमाणे ठरत होता. येथे सगळ्या मुलांना एकाच वेगाने पळवले जाते. शिवाय ऑलिंपियाडला कलनशास्त्र (कॅल्क्युलस) लागत नाही. संख्या सिद्धांत (पूर्णांकांच्या गुणधर्मांचे गणित), भूमिती, बीजगणित आणि चयनगणित (निवडी व मांडण्या मोजण्याचे गणित) यांतील अवघड प्रश्नांशी झुंजण्याची चिकाटी लागते, आणि ती रविवारीच अंगी बाणते.

बसायला जागा अपुरी आहे आणि वर्षाची फी एकरकमी मागतात, तरी चौकशी केल्यास दोन हप्ते करून देतात. प्रवेशापूर्वी मुलाला रविवारच्या एका तासाला विनामूल्य बसू देतात. पालकांनी ती संधी अवश्य घ्यावी आणि फॉर्म भरताना फक्त त्याच बॅचवर खूण करावी.