डोमिनिकन इतिहासाची फुकट पण दणकट वेबसाइट

पुण्यात मी स्पॅनिशच्या शिकवण्या घेते. वरच्या पातळीची मुलं व्याकरणाला विटली की त्यांच्यापुढे काहीतरी खरंखुरं वाचायला टाकावं लागतं. त्यासाठी सध्या माझं हक्काचं ठिकाण म्हणजे 'फर्स्ट ब्लॅक्स इन द अमेरिकाज' ही साइट. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातल्या डोमिनिकन स्टडीज इन्स्टिट्यूटने ती केली आहे. पैसे लागत नाहीत, मजकूर इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये आहे.

विषय आहे सोळाव्या शतकातलं ला एस्पान्योला बेट, म्हणजे आजचा डोमिनिकन रिपब्लिक आणि हैती, आणि तिथे आफ्रिकेतून आणलेली माणसं. जुन्या साखर कारखान्यांच्या अवशेषांचे फोटो आहेत, ते चाळून होतात. खरा ऐवज हस्तलिखितांत आहे. डिसेंबर 1521 मध्ये सांतो दोमिंगोजवळ कोलंबसच्या मुलाच्या, दिएगो कोलोनच्या, उसाच्या मळ्यावर गुलामांनी बंड केलं. त्यात पश्चिम आफ्रिकेतले वोलोफ लोक बरेच होते. बंड मोडल्यावर जानेवारी 1522 मध्ये लगेच कायदे निघाले: गुलामांनी कुठे जायचं नाही, हत्यार बाळगायचं नाही, पळालात तर काय शिक्षा. शाळेत शिकलेल्या कोलंबसाची गोष्ट जिथे संपते त्याच्या पुढची ही पानं आहेत. कायद्याची भाषा कोरडी, पण मळेवाल्यांची उडालेली भंबेरी कलमाकलमातून दिसते.

अक्षर मात्र भयंकर! त्यासाठी याच संस्थेचं जुनी स्पॅनिश अक्षरं शिकवणारं वेगळं साधन आहे, तेही फुकट. मूळ पानाची प्रतिमा बघायची, आपण वाचायचा प्रयत्न करायचा आणि मग लिप्यंतराशी ताडून पाहायचं. त्या काळचे कारकून हात न उचलता लिहायचे, शब्द एकमेकांत गुंतलेले, आणि संक्षेप तर जागोजाग: दिचो हा शब्द 'डीएचओ' एवढ्यातच आटोपलेला, क्रिस्तोबाल नावाची सुरुवात चक्क 'एक्सपी'ने. मोडी वाचलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. माझ्या वर्गातली एक मुलगी मोडी शिकलेली आहे. बाकीचे अजून पहिल्या ओळीत चाचपडत होते तेव्हा ती अर्ध्या पानावर पोचली होती. मोबाइलवर हा उद्योग करू नका, डोळे जातील. मोठा स्क्रीन हवाच.

साइट भाषणं ठोकत नाही, कागद समोर ठेवते, हे मला फार आवडलं. कारण हा विषय मोठा नाजूक आहे. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये त्रुहियोच्या हुकूमशाहीत (1930 ते 1961) काळेपण म्हणजे शेजारच्या हैतीचं, आपण मात्र स्पॅनिश रक्ताचे, असं लोकांच्या मनावर पद्धतशीर बिंबवलं गेलं. 1937 मध्ये सीमाभागात हजारो हैतियन मारले गेले. सावळ्या माणसाच्या ओळखपत्रावर रंग म्हणून 'इंडिओ', म्हणजे मूळ रहिवाशांच्या वंशाचा, असं लिहायचे, आणि बेटावरचे मूळ ताइनो तर सोळाव्या शतकातच जवळजवळ नामशेष झालेले! पुढे 1960 च्या दशकापासून हेच डोमिनिकन लोक मोठ्या संख्येने न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांतल्या अनेकांना सरळ काळ्यांत मोजलं गेलं. डोमिनिकनांच्या ओळखीवरचं बरंचसं संशोधन या गोंधळातूनच उभं राहिलं आहे. ही संस्थासुद्धा 1992 मध्ये हार्लेममध्ये निघाली, वॉशिंग्टन हाइट्स या डोमिनिकन वस्तीपासून जवळच. आपल्या पूर्वजांचे कागद अटलांटिकपार शोधायला परदेशी गेलेली मंडळी निघाली, ही मला तरी कौतुकाची गोष्ट वाटते.

विसाव्या शतकातलं स्थलांतर हवं असेल तर ही साइट तुमच्यासाठी नाही, ती आधीच थांबते. त्यापेक्षा संस्थेच्या पुस्तिका बघा. त्यांतली एक हुआन रोद्रिगेसवर आहे. हा सांतो दोमिंगोचा मिश्रवंशीय माणूस 1613 मध्ये डच जहाजावरून मॅनहॅटनला उतरला आणि जहाज परतलं तरी तिथेच राहिला. त्याची हकीकत ॲमस्टरडॅमच्या नोटरींच्या कागदांत सापडते. ब्रॉडवेच्या 159 ते 218 क्रमांकाच्या रस्त्यांमधल्या पट्ट्याला 2012 मध्ये त्याचं नाव दिलं.

स्पॅनिश बी-टूच्या (म्हणजे युरोपीय भाषा-परीक्षांच्या मधल्यापेक्षा वरच्या पातळीच्या) खाली असाल तर हस्तलिखितांच्या वाटेला जाऊ नका, इंग्रजी पानं वाचा. बी-टू पार केलेल्यांनी 1522 च्या कायद्यापासून सुरुवात करावी.