सोलर वॉटर हीटर : बचतीचा आकडा कुठून आला ते आधी विचारा

त्याने मांडलेल्या हिशेबात एकही गुणाकार चुकला नव्हता. म्हणूनच माझा विश्वास बसला, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही साताऱ्यात राहतो, घरात पाच माणसं. दिवाळीनंतर एक विक्रेता दारावर आला. विजेचं बिल मागितलं, २,१०० रुपयांचा आकडा पाहिला आणि वहीचं पान फाडून लिहायला बसला. "काकू, २०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायचं, म्हणजे ३५ अंश. दोनशे गुणिले पस्तीस, ७,००० किलोकॅलरी. ८६० किलोकॅलरीचं एक युनिट. रोजची आठ युनिटं वाचली. नऊ रुपयांनी धरा, महिन्याला दोन हजारांच्या वर. अडीच वर्षांत पैसे फिटले, पुढे पाणी फुकट." किंमत ५८,०००. शिवाय 'सूर्यघर योजनेची' सबसिडी मिळवून देतो म्हणून फॉर्मचे २,५०० वेगळे घेतले.

पहिल्या पूर्ण महिन्याचं बिल साडेसहाशेनी उतरलं, बस्स. फोन केला तर म्हणाला, "तुम्ही गरम पाणी जास्त वापरत असाल."

त्या रात्री मी त्याचा कागद आणि आमचं जुनं बिल शेजारी ठेवलं. बिलावर रुपयांच्या वरच युनिटं छापलेली होती : २१०. रोजची आठ म्हणजे महिन्याची २४० युनिटं. आमचा फ्रिज, पंखे, पंप, गिरणी, गीझर सगळं मिळून जेवढी वीज लागत होती, त्याहून जास्त बचत त्याने एकट्या गीझरवर दाखवली होती! तो सबंध वेळ रुपयांत बोलला, आणि मी युनिटांकडे पाहिलंच नाही.

खरी गोम टाकीच्या आकारात आहे. टाकी जेवढं पाणी तापवते तेवढी बचत होत नाही. आपण आधी गीझरवर जेवढं तापवत होतो, तेवढीच वीज वाचू शकते. आमच्या पाच बादल्या, वीस लिटरच्या, म्हणजे १०० लिटर. अंघोळीचं पाणी ४२ अंशांचं धरलं तर २४ वरून १८ अंश चढवायचे. १,८०० भागिले ८६०, दोन युनिटं आणि थोडं वर. गीझरची गळती धरून अडीचच्या आत. ६० अंशांच्या २०० लिटरमध्ये गार पाणी मिसळलं की अंघोळीच्या वीस बादल्या होतात. आम्हाला त्या नकोच होत्या. त्यात पावसाळ्याचे तीन-चार महिने आमच्याकडे गीझरच चालतो. त्याने मात्र बाराही महिने उन्हाचे धरले होते. वर्षाला सहा हजारांच्या आसपास वाचतील. पैसे फिटायला दहा वर्षं.

पुढचं मे महिन्यात कळलं. एक काचेची नळी फुटली. प्लंबरने ५८ मिलिमीटरची नवी आणली, ती टाकीच्या रिंगेत शिरेना. मोजलं तर आमच्या सगळ्या नळ्या ४७ मिलिमीटरच्या, लांबीला १,५०० निघाल्या. बिलावर लिहिलं होतं ५८ आणि १,८००. नळ्यांची संख्या तीच, वीस. पण ऊन घेणारं क्षेत्र जवळपास तिसऱ्या हिश्शाने कमी. आपल्यापैकी कोण गच्चीवर जाऊन नळीचा व्यास मोजतं?

सबसिडीही नव्हतीच. पीएम सूर्यघर योजना २०२४ ची, ती छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे. पाणी तापवण्याच्या सोलरवरची केंद्राची सबसिडी २०१४ मध्येच बंद झाली.

सोलर वाईट नाही. शंभर लिटरचा, योग्य दरात घेतला असता तर मी आज त्याचं कौतुकच केलं असतं. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते : गीझर चालू ठेवून आठ दिवस आणि बंद ठेवून आठ दिवस मीटरचं रीडिंग लिहा. दोन्हीतला फरक हीच तुमची कमाल बचत. त्याहून मोठा आकडा कुणी सांगितला तर तो लिहून, सही करून द्यायला सांगा.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. बिल, फुटलेल्या नळीचा मोजपट्टीसह फोटो आणि त्याच्याच अक्षरातलं ते वहीचं पान मी तक्रारीला जोडलं आहे.