एबेरॉन : नऊ महिने आणि २२ सेशननंतर

आमच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या (फासे टाकत, मिळून गोष्ट रचत खेळायचा खेळ) ग्रुपमध्ये एक जण आहे, त्याला त्या खेळातलं 'फर्गॉटन रेल्म्स' हे जग तोंडपाठ आहे. जुन्या कादंबऱ्या वाचलेल्या, त्याच जगातला 'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम दोनदा संपवलेला. मागच्या कॅम्पेनला (अनेक सेशन चालणारी एक गोष्ट) डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मीच होतो. तिथल्या वॉटरडीप शहरातल्या एका देवळात मी चुकीची देवता बसवली, तर हा प्राणी फासे खुळखुळवत म्हणाला, "तिथे ती नसते." नसेल बाबा! पण त्या रात्री ठरवलं, पुढचं जग असं हवं की ज्यातल्या मुख्य प्रश्नाचं उत्तर त्यालाही कुठे वाचायला मिळणार नाही. म्हणून एबेरॉन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. २००२ साली हा खेळ काढणाऱ्या 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' कंपनीने नव्या जगासाठी खुली स्पर्धा घेतली. अकरा हजारांच्या वर प्रस्ताव आले, त्यातून कीथ बेकरचं एबेरॉन निवडलं गेलं आणि २००४ मध्ये पहिलं पुस्तक आलं. मी वापरतोय ते खेळाच्या पाचव्या आवृत्तीचं, २०१९ चं 'रायझिंग फ्रॉम द लास्ट वॉर'.

इथे जादू म्हणजे सरळ धंदा आहे. अंगावर ड्रॅगनमार्क, म्हणजे जादूची ताकद देणारी खूण, वागवणारी घराणी आहेत आणि एकेका घराण्याने एकेक व्यवसाय बळकावलाय. निरोप पाठवायचा तर सिव्हिस, जखम बरी करायची तर जोरास्को (आधी पैसे, मग मलमपट्टी), उडत्या जहाजाचं तिकीट लिरँडारकडे, विजेची रेल्वे ओरियनची. खोरवेअर खंडातले पाच देश तिथल्या कॅलेंडरने ८९४ ते ९९६ असे १०२ वर्षं आपसात लढले, खेळ सुरू होतो ९९८ मध्ये. लढाई मिटलेली नाही, घाबरून थांबली आहे. कारण ९९४ मध्ये त्या पाचांतला सायर हा अख्खा देश एका दिवसात बेचिराख झाला. कशाने? पुस्तक सांगत नाही, आणि अधिकृत उत्तर कधीच द्यायचं नाही हे धोरणच आहे. माझ्या पुस्तकात कॅलेंडरसुद्धा ९९८ वरच थांबलंय.

पहिल्याच सेशनला आमच्या तोंडपाठवाल्याने विचारलं, "पण सायरचं झालं काय?" मी म्हटलं, तुला काय वाटतं? तो वीस मिनिटं बोलला. मी चहा पीत वहीत सगळं उतरवून घेतलं. त्यातलीच एक शक्यता आता कॅम्पेनचा कणा आहे. (वाचत असशील तर इथेच थांब, आणि रविवारी येताना पाव आण.)

आम्ही खेळतो मराठीत, म्हणजे नेहमीच्या खिचडीत. त्यामुळे पुस्तकात नसलेला एक पेच पडला. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. पण वस्तू घडवणाऱ्या कॅनिथ घराण्याचा माणूस वॉरफोर्ज्डला काय म्हणेल? वॉरफोर्ज्ड म्हणजे युद्धासाठी लाकूड, लोखंड आणि दगडातून घडवलेले सैनिक. युद्ध थांबवणाऱ्या थ्रोनहोल्डच्या तहाने त्यांना स्वातंत्र्य दिलं आणि त्यांना घडवणाऱ्या भट्ट्या मोडायचा हुकूम काढला. कागदावर मोकळे, पण माझ्या तोंडून प्रत्येक दुकानदार त्यांना 'ए, तू' करायला लागला. मी ठरवून केलं नव्हतं. आमच्यातल्या एकीचं पात्र वॉरफोर्ज्ड आहे, नाव खिळा. चौदाव्या सेशनला खिळा कुंडाराक घराण्याच्या बँकेत खातं उघडायला गेला. कारकून ड्वार्फ, म्हणजे बुटक्या जमातीचा, आणि त्याच्या तोंडून बोलणारा अर्थातच मी. "आपलं वय?" खिळा म्हणाला, "सहा." मी काही विचार न करता, आपल्याकडचा फॉर्म डोक्यात असल्यासारखं बोलून गेलो, "मग अज्ञान खातं. पालकाची सही लागेल." सगळे फुटले. ती हसली नाही. म्हणाली, "मला घडवलं कॅनिथने. त्यांची सही आणू?"

पुढचे तीन सेशन त्या सहीवर गेले. ना ड्रॅगन, ना तळघर. तिने कॅरेक्टर शीटवर वयापुढे 'सहा पूर्ण' असं लिहून ठेवलंय.

शार्न शहराबद्दल सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात. मैलभर उंच मनोरे, वर श्रीमंत, खाली गरीब, तळाशी लाव्हावर चालणाऱ्या भट्ट्या. पडण्यापासून वाचवणारा बिल्ला तिथे विकत मिळतो, एकदाच चालतो. पुलावरच्या मारामारीत आमचे दोघं खाली गेले आणि बिल्ला एकाकडेच. दुसऱ्याने त्याला मिठी मारली तर चालेल का, यावर आम्ही अर्धा तास भांडलो. नियमात त्याबद्दल काही नाही. मी 'चालेल, पण बिल्लेवाल्याने ताकदीचा फासा टाकायचा' असा निकाल दिला आणि फासा आला दोन. त्या जोडीतल्या एकाचं नवं कॅरेक्टर बनवायला लागलं.

आता तक्रारी. पहिली, नावांचा मारा. बारा मार्क, तेरा घराणी, पाच राष्ट्रं, वर डझनभर धर्म आणि गुप्त संघटना. मी सुरुवातीला चार पानांची टिपणं वाटली, कोणीही वाचली नाहीत. तिसऱ्या सेशनपासून 'कोरनबर्ग क्रॉनिकल' म्हणून एक पान मराठीत लिहायला लागलो : दोन बातम्या, एक जाहिरात, एक निधनवार्ता. पुस्तकातही बातम्यांची कात्रणं आहेत, कल्पना तिथलीच. ते मात्र सगळे वाचतात, निधनवार्ता आधी.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. जग सांगतं की जादू कोपऱ्यावर मिळते, पण पाचव्या आवृत्तीत वस्तूंच्या किमती नुसत्या ढोबळ. मी वापरतो त्या २०१४ च्या नियमांत साधी जादूई वस्तू ५० ते १०० सोन्याची नाणी, बस. बाजार हाच ज्या जगाचा प्राण, तिथे दरपत्रक डीएमने बनवायचं? माझं आता अकरा पानी एक्सेल झालंय.

प्रवासाचं गणितही आधीच करून ठेवा. रेल्वे ताशी ३० मैल धावते आणि खंड अवाढव्य आहे. त्यात सायर गेल्यापासून पूर्व-पश्चिम लाइन मधेच तुटलेली. शार्नहून कार्नाथ देशात 'उद्या पोहोचू' असं मी एकदा बोलून बसलो, नंतर नकाशा पाहिला. शेवटी जहाजाचा प्रवास घुसडावा लागला आणि त्यात बरा सेशन झाला, हे नशीब.

तुमच्या खेळाडूंना दार फोडून राक्षस मारायचेत आणि घरी जायचंय, तर हे घेऊ नका, वाया जाईल. नव्या डीएमनेही संपूर्ण खंड उघडू नये. सहा महिने शार्नमध्येच बसा. पुस्तकात पहिल्या लेव्हलचं एक छोटं साहस तिथलंच आहे, आम्ही तिथूनच सुरुवात केली. शार्नची भूक भागली नाही तर २००४ चं 'शार्न : सिटी ऑफ टॉवर्स' पीडीएफमध्ये मिळतं. नियम जुने आहेत, ते सोडून द्या. गल्ल्या, खानावळी आणि कोण कोणाला हप्ता देतो हे सगळं अजून चालतं.