जुन्या मॉडेल किटचा वाळलेला गोंद: फ्रीझर, अ‍ॅसिटोन का वॉटर पेपर?

महाल भागातल्या घरचा माळा रिकामा करताना काकांचं नॅट विमान सापडलं, एअरफिक्स कंपनीचं १:७२ मापाचं प्लास्टिकचं मॉडेल, १९६५ च्या लढाईत पाकिस्तानची सेबर जेट विमानं पाडणारं तेच नॅट. एक पंख तिरपा चिकटलेला, कॉकपिटच्या काचेवर गोंदाचा थेंब, अन् शेपटी कधीतरी तुटली असेल तं तिला कोणीतरी फेविक्विक लावून ठेवलेलं. तुमच्याकडेही असं एखादं किट असेल अन् ते उकलून नव्यानं जोडायचं मनात असेल तर आधी गोंद कोणता ते ओळखा, बाकी सगळं त्यावरच आहे.

ट्यूबमधलं सिमेंट, म्हणजे मॉडेल जोडायचा खास गोंद असतो ना, ते खरं तर चिकटवत नाही, दोन्हीकडचं पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, विरघळवून एकजीव करतं आणि त्यातला विरघळवणारा द्रव, सॉल्व्हंट, उडून जातो. आमच्या नॅटच्या पंखावर काकांच्या अंगठ्याचा अख्खा ठसा आहे, रेषा न् रेषा मोजता येते, कारण तिथलं प्लास्टिक तेव्हा लोण्यासारखं मऊ झालं होतं. म्हणजे असा जोड भरपूर सिमेंट लावून केलेला असेल तर तिथं काढायला वेगळा गोंद उरलेलाच नसतो. फेविक्विकचं तसं नाही, तो वरच बसतो, कडक होतो, ओढलं तर दाद देत नाही पण आडवा झटका किंवा पीळ दिला की सुटतो, आणि थंडीत अजूनच ठिसूळ होतो.

म्हणून फेविक्विकसाठी मी डोळे झाकून फ्रीझर सांगीन. झिपच्या पाऊचमध्ये पार्ट घालून रात्रभर ठेवा, सकाळी एकेकच बाहेर काढा, आपल्या मे महिन्यात तो मिनिटभरात गरम होतो त्यामुळे पाचसहा एकदम काढून मांडले तर शेवटच्याची पाळी येईस्तोवर काही उपयोग राहत नाही. जोडात कटरचं पातं टेकवून हळूच पीळ द्यायचा, टक्क आवाज येतो. आमची शेपटी दुसऱ्या रात्री सुटली, प्लास्टिकला एक ओरखडा नाही. खर्चही काही नाही, फक्त धीर पाहिजे.

सिमेंटच्या जोडाला एकदा फ्रीझर करून बघायला हरकत नाही, कमी लावलेलं असेल तर सुटतं कधीकधी, नाही सुटलं तर मग बारीक दात्याची करवत आणि वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर. ४०० नंबरनं सुरू करा, मग ८००, मग १२००, आणि पाणी लावूनच घासा. मात्र जुन्या किटवर पॅनलच्या रेषा अन् रिव्हेट उठावदार असतात, घासलं की गेले, परत येत नाहीत, म्हणून शेजारच्या भागावर टेप लावल्याशिवाय हात लावू नका. पंख मी असाच कापून काढला, ठसा मात्र टेपखाली ठेवला.

अ‍ॅसिटोनचा सल्ला बरेच जण देऊन राहिले, नेलपेंट रिमूव्हर लावा म्हणतात. फेविक्विक विरघळतो, खरं आहे, पण पॉलिस्टायरीनही विरघळतं. मी आधी एका जुन्या टँकच्या चाकावर करून पाहिलं होतं, कापसाचे धागे प्लास्टिकमध्येच रुतून बसले आणि ते चाक गेलं. सुपरग्लू काढायचे डीबाँडरही बरेचसे अ‍ॅसिटोनचेच असतात, तेव्हा पॉलिस्टायरीनच्या किटला दोन्ही नकोच.

फेविकॉल असेल तर यातलं काहीच लागत नाही, कोमट पाण्यात ठेवा, पांढरा होऊन सालासारखा निघतो, फक्त जुने डिकल, म्हणजे पाण्यानं सुटणारी चित्रं, असलेला भाग पाण्याबाहेर ठेवा.

काचेला फ्रीझरही नाही म्हणीन, क्लिअर प्लास्टिक आधीच ठिसूळ, गार असताना पीळ दिला तर तडा जातो. थेंब पात्यानं पातळ पातळ तासून आणायचा, मग २००० नंबरचा ओला पेपर, शेवटी मऊ सुती कापडावर साधी पांढरी टूथपेस्ट घेऊन गोल गोल पॉलिश. फेविक्विकच्या वाफेचा पांढुरका थरही यानंच जातो. मला चार संध्याकाळ लागल्या, आता आतला पायलट दिसतो.